कन्येची धाव व मासिक ऋतू

विट्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची धाकटी कन्या तीन हजार मीटरच्या शर्यतीत धावणार आहे. परंतु शर्यत नेमकी ऋतुकाळात येते. ‘त्या चार दिवसांत मुलीने मैदानावर जाऊ नये,’ असा घरातील आजीबाईंचा आग्रह आहे. पत्राच्या अखेरीस एक ओळ सहज लिहिली आहे : ‘थोरलीही धावते; तिची ही अडचण चार महिने बंदच आहे, तेवढे बरे.’

प्रथम धाकटीविषयी. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांनी २००२ साली शिकागो येथे मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला, तो ऋतुकाळातच, पोटात कळा येत असता. २०२० साली अनेक प्रयोगांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. तीत आरंभीच्या दिवसांत शक्ती किंचित उणी पडते असे दिसले. परंतु हा फरक अत्यल्प व व्यक्तिपरत्वे निराळा. उलट ऋतुचक्राच्या उत्तरार्धात शरीराचे उष्णतामान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते व श्वासाची गती थोडी चढते. त्यामुळे उन्हातील लांब धाव तेव्हाच अधिक जड वाटण्याचा संभव असतो. तात्पर्य, कळा असह्य नसतील तर कन्येने खुशाल धावावे. कोणत्या दिवशी कसे वाटले याची टिपणे ठेवावीत. स्राव फार होत असेल तर रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

आम्हांस खरी चिंता वाटते ती थोरलीची. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर काटकसर करू लागते व प्रथम ऋतुचक्र थांबविते. इस्ट्रोजेन घटते, हाडे ठिसूळ होतात. आणि हाडांची पुंजी साठविण्याचे वय तर हेच! तीन महिने ऋतू न आल्यास, कारण काहीही असो, डॉक्टरांस दाखविलेच पाहिजे. सरावानंतर भाकरी, उसळ, दूध, शेंगदाणे पोटभर मिळतात की नाही, हे मातेने स्वतः पाहावे.

विट्याच्या उत्तरेस माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. अशा मुली आपल्या मुलखात आणखी निपजाव्यात, तर त्यांच्या पोटाची व ऋतूची विचारपूस घरात मोकळेपणी झाली पाहिजे.

आजीबाईंस आमचा नमस्कार सांगावा. त्यांची काळजी खोटी नाही. ती फक्त धाकटीवरून थोरलीकडे वळवावी.