पुडीतला गुण

‘डॉक्टर, मुळापासून जाईल ना?’ सोरायसिसचा रुग्ण खुर्चीत टेकण्याआधीच हे विचारतो. परवा आलेल्या काकांनी शर्टाची बाही वर करण्याआधी खिशातून कागदाच्या पुड्या काढल्या. त्यांवर ना नाव, ना घटक. चार महिने छान गुण आला. पुड्या संपल्या आणि आठवड्याभरात अंग लालेलाल होऊन कातडी सोलपटून निघू लागली. अशा बेनामी औषधांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. पोटात घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबले की सोरायसिस उसळतो, प्रसंगी जिवावर बेतते.

म्हणून आधीच सांगतो. हा आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात नक्की राहतो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते. महिन्याभरात नवी होणारी कातडी चार-पाच दिवसांत तयार होऊ लागते, म्हणून चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात. तो स्पर्शाने पसरत नाही. घरात अशा माणसाचा टॉवेल, ताट वेगळे काढू नका.

चट्टे मोजके असतील तर मलमे पुरतात: कॅल्सिपोट्रिऑल, कोल टार आणि डॉक्टर सांगतील तितकेच दिवस स्टेरॉइड. चट्टे पसरले तर नॅरोबँड यूव्हीबी किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा घेतात. त्यापुढे मेथोट्रेक्सेट. गोळी जुनी, स्वस्त आणि गुणकारी. पण आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून मी चिठ्ठीवर लाल शाईने ‘फक्त रविवारी’ असे लिहितो. ही गोळी चालू असताना रक्त तपासत राहावे लागते, दारू बंद करावी लागते आणि गरोदरपणात ती अजिबात चालत नाही.

यानेही भागले नाही तर बायोलॉजिक इंजेक्शने आहेत. इटोलिझुमॅब हे त्यातले एक, भारतात विकसित झालेले आणि 2013 मध्ये मंजूर झालेले. सेक्युकिनुमॅबसारख्या औषधांनी तर अनेकांची कातडी जवळजवळ स्वच्छ होते. खर्च मोठा आहे आणि आधी क्षयाची तपासणी करावी लागते.

सकाळी उठल्यावर बोटे, गुडघे आखडत असतील तर तेही सांगा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि उशीर झाला तर सांधे वाकडे होतात.

एवढे उपाय हाताशी असताना ‘मुळापासून’ या एका शब्दासाठी शरीर पणाला लावू नका. औषधाचे नाव लिहून देत नाही, त्याच्या हातची पुडी तोंडात घालू नका.