जाहिरातीतले रोम, बंदरातले चिवितावेक्किया

क्रूझ सहलीचे पत्रक शहरांच्या नावांनी सजलेले असते; जहाज मात्र बंदराला लागते. पत्रकात ‘रोम’ असते तेव्हा जहाज चिवितावेक्कियाच्या धक्क्यावर उभे राहते आणि कलोसियम पाहायचे तर आगगाडीने तासाभराहून अधिक जाणे, तेवढेच येणे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चबांग, ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग. ‘पॅरिस’ म्हणजे तर ल हाव्र, आणि तिथून पॅरिस दोनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबईहून पुण्यापेक्षा लांब. व्हेनिसची गोष्ट त्याहून गमतीची आहे. इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून ज्युदेक्का कालव्यात शिरायला बंदी केली. तेव्हापासून ‘व्हेनिसहून’ म्हणवणाऱ्या अनेक सफरी प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथून सुटतात.

याला फसवणूक म्हणता येत नाही, कारण बंदराचे खरे नाव बहुधा शेजारीच बारीक अक्षरांत छापलेले असते. पण सहलीचे सुखदुःख या बारीक अक्षरांतच ठरते. क्रूझवरून नाराज होऊन परतणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या की त्यांतली फार थोडी कारणे समुद्रावर घडलेली असतात. बहुतेक आरक्षणाच्या दिवशीच घडून गेलेली असतात.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजालाही हेच लागू आहे. ते मुरगाव बंदराला लागते. तिथून पणजी तीसेक किलोमीटर, आणि कळंगुट-बागा त्याच्याही पलीकडे. हाताशी सहा-सात तास असताना बाग्याला जाऊन येण्याचा हट्ट धरणारे प्रवासी दिवसाचा मोठा भाग टॅक्सीत घालवतात आणि परतीच्या वाटेवर घड्याळाकडे बघत बसतात. त्यांच्यापेक्षा बोगमाळो किंवा कोलव्याचा किनारा गाठणारे, नाहीतर नुसते जुने गोवे बघून येणारे शहाणे. पत्रकातल्या प्रत्येक शहरासमोर बंदराचे नाव, शहरापर्यंतचे अंतर आणि धक्क्यावर थांबण्याचे एकूण तास या तीन गोष्टी पेन्सिलीने लिहून काढल्या की सफर विकत घ्यायची की नाही, हा निर्णय बऱ्याचदा आपोआप होतो.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. सँटोरिनीत किंवा लक्षद्वीपच्या बेटांपाशी ते बाहेर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. जुन्या कोकण बोटीतून उतरून पडावात पाय टाकलेल्या पिढीला हे नवे नाही. अशा ठिकाणी जाण्यायेण्यातच दीड-दोन तास मोडतात, गुडघे दुखणाऱ्यांना हेलकावणाऱ्या बोटीत पाय टाकणे जड जाते, आणि समुद्र खवळला तर कप्तान तो थांबाच रद्द करतो. कप्तानाला तो अधिकार आहे, आणि करारात तसे लिहिलेलेही असते. केवळ एका बेटासाठी सफर घेणाऱ्याने ते बेट दिसणारच नाही, ही शक्यता धरून चालावे.

जहाज कोणासाठी थांबत नाही, हे प्रत्येक प्रवाशाने ऐकलेले असते आणि फार थोड्यांना खरे वाटते. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ तोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ या जहाजाचे आठ प्रवासी मागे राहिले. खासगी सहलीहून ते उशिरा परतले तेव्हा जहाज अजून दिसत होते. तटरक्षकांनी त्यांना बोटीतून जहाजाजवळ नेलेही, पण वर घेतले गेले नाही. गांबियात जहाज गाठावे म्हणून ते देशादेशांतून फिरले, तर तिथे भरती-ओहोटीमुळे जहाज लागूच शकले नाही. अखेर सेनेगलमधल्या डकारला त्यांची जहाजाशी गाठ पडली. कंपनीने स्वतः विकलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा वाट पाहते. बाहेर ठरवलेल्या टॅक्सीसाठी पाहत नाही. कंपनीची सहल महाग असते ती या हमीमुळे. म्हणून लांबच्या ठिकाणी कंपनीची बस घ्यावी आणि बंदराजवळच्या गावात स्वतःच पायी हिंडावे, हा व्यवहार्य मध्य आहे. जहाजाचे घड्याळ आणि किनाऱ्यावरचे घड्याळ यांत कधी कधी एका तासाचा फरक असतो. मोबाइल जमिनीजवळ येताच आपोआप वेळ बदलतो, त्यामुळे मनगटावर जहाजाच्या वेळेला लावलेले साधे घड्याळ असणे बरे.

भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत किचकट भाग व्हिसाचा. जहाज एखाद्या देशातून निघून दुसऱ्या देशात जाते आणि पुन्हा पहिल्यात येते, तेव्हा पहिल्या देशात दोनदा प्रवेश होतो. बार्सिलोनाहून निघून ट्युनिसला थांबून परत येणाऱ्या सफरीला म्हणूनच एकापेक्षा अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. सिंगापूरहून निघून पेनांग-फुकेत करून येणाऱ्यांनाही हाच विचार करावा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेनमध्ये आला, त्यामुळे दुब्रोव्हनिकचा थांबा आता पूर्वीसारखा परका राहिला नाही. तुर्कस्तानचा कुशादासी अजूनही परकाच.

अलास्काच्या सफरीत तर एक जुना अमेरिकी कायदा आडवा येतो. १८८६च्या या कायद्यानुसार परदेशी जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी पोहोचवता येत नाहीत, आणि सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या सफरीलाही मध्ये एक परदेशी बंदर घ्यावे लागते. क्रूझची बहुतेक मोठी जहाजे बहामा, पनामा, माल्टा अशा देशांच्या ध्वजाखाली नोंदलेली असतात, म्हणून ती या अटीत सापडतात. सिएटलची जहाजे यासाठी कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात काही तास, पुष्कळदा संध्याकाळीच, डोकावून येतात. त्या काही तासांसाठी भारतीय प्रवाशाला अमेरिकेच्या जोडीला कॅनडाचाही व्हिसा लागतो. ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ हे उत्तर चालत नाही. मुलाकडे सिएटलला गेलेल्या आईवडिलांसाठी अलास्काचा बेत ऐन वेळी आखला जातो तो इथेच अडकतो. देशातल्या देशात मुंबई-गोवा करायला ओळखपत्र पुरते. लक्षद्वीपला मात्र भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो, आणि तो कोण काढणार हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

आता पैशांबद्दल. छापलेले भाडे हे फक्त चढण्याचे भाडे असते. त्यात केबिन, मुख्य भोजनगृह, बुफे आणि संध्याकाळचे कार्यक्रम येतात. बंदर-कर, सेवाशुल्क, मद्य आणि पुष्कळदा थंड पेयेही, इंटरनेट, खास उपाहारगृहे, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळे वेगळे. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर सेवाशुल्क साध्या केबिनला माणशी रोज साधारण सोळा ते वीस डॉलर पडते आणि ते मुलांनाही लागते. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे साडेचारशे ते साडेपाचशे डॉलर नुसते याचेच. स्वागतकक्षात जाऊन हे शुल्क कमी करून घेण्याच्या युक्त्या प्रवासी एकमेकांना सांगत असतात. त्या सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की या रकमेवर केबिन आवरणाऱ्या आणि ताटे उचलणाऱ्या माणसांची कमाई बेतलेली असते. गोव्यात सासष्टी-बार्देशातल्या कितीतरी घरांतला कोणी ना कोणी तारवटी म्हणून अशाच जहाजांवर राबतो.

मद्याचे एकरकमी पॅकेज घेताना आणखी एक अट बघावी. अनेक कंपन्या एका केबिनमधल्या एका प्रौढाने ते घेतले तर दुसऱ्यालाही घ्यायला लावतात. नवरा दोन बिअर पितो आणि बायको ताक, अशा जोडप्याला ते कधीच परवडत नाही. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटी क्रेडिट कार्डातून वळता होतो. डेबिट कार्ड दिले तर खात्यातली मोठी रक्कम काही दिवस अडकून पडते. फोन मात्र पहिल्या तासालाच विमानातल्यासारखा बंद करावा. जहाजाचे स्वतःचे उपग्रह-जाळे नेहमीच्या परदेशी रोमिंग पॅकेजमध्ये बहुधा नसते, आणि खिशातल्या फोनने परस्पर डेटा ओढला की त्याचे बिल घरी आल्यावर कळते.

बोट कोणाला लागेल हे आधी सांगता येत नाही, पण केबिन कुठे घेतली यावर बरेच अवलंबून असते. जहाज नाकाकडून शेपटीकडे वरखाली होते तेव्हा दोन्ही टोकांना सर्वाधिक झोके बसतात आणि मध्याला सर्वांत कमी. आडवे डोलते तेव्हा वरच्या मजल्यावरचा माणूस सर्वांत जास्त झुलतो. म्हणजे मधली आणि खालची केबिन सर्वांत स्थिर. जहाजाला बसवलेले पंख आडवे डोलणे पुष्कळ कमी करतात, वरखाली होणे फारसे नाही. गंमत अशी की जास्त पैसे मोजून लोक घेतात ती वरच्या मजल्यावरची, टोकाची, बाल्कनीची खोली. ज्याला घाटात गाडी लागते त्याने बाल्कनीचा मोह सोडलेला बरा. गोळी पोटात ढवळू लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. ती आधी, डॉक्टरांना विचारून घ्यायची. नंतर उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहावे, बंद खोलीत पुस्तक वाचू नये. केबिन निवडताना नकाशात वरचा मजलाही पाहावा. डोक्यावर नाचघर किंवा जलतरण तलावाचा डेक असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज झोपेत येतो. वर आणि खाली केबिनच असलेली केबिन सर्वांत शांत.

समुद्रही वर्षभर एकसारखा नसतो. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, कोकणच्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत, आणि आजच्या क्रूझही जूनपासून पश्चिम किनारा सोडतात. २०२१ पासून मुंबईहून फिरणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाने २०२३च्या पावसाळ्यात चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या त्या यामुळेच. हे जहाज १९९० सालचे, सुमारे ४८ हजार सकल टनांचे. सकल टन हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या आकारमानाचे माप. २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळजवळ अडीच लाख सकल टनांचे आहे आणि त्यात कमाल ७,६०० प्रवासी मावतात. मोबाइलवर ‘आयकॉन’च्या चित्रफिती पाहून ‘एम्प्रेस’वर चढणाऱ्यांना अरुंद जिने आणि छोटे तलाव खुपतात. उलट लहान जहाजावर लिफ्टसाठी ताटकळावे लागत नाही आणि वाट चुकत नाही, हे मोठ्या जहाजावरून आलेलेच सांगतात.

चढल्यावर पहिली गोष्ट सुरक्षेच्या कवायतीची. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळच्या खडकावर आपटले, ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या सहाशेवर प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण नियमाने चोवीस तासांची मुभा होती. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही खूण. आपले जमण्याचे ठिकाण कोणते, हे केबिनच्या दारामागे लिहिलेले असते.

आगीची भीती जहाजाला खडकाइतकीच असते, म्हणून इस्त्री, विजेची किटली, काही प्रकारच्या एक्स्टेन्शन वायरी सामान तपासणीत काढून घेतात. चहा-मॅगीसाठी किटली घेऊन जाणारी मराठी कुटुंबे इथे दरवेळी अडतात. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय सिंगापूरच्या सफरींवर चांगली असते, पण जैन जेवण आरक्षणातच नोंदवावे. ऐन वेळी सांगितले तर उकडलेल्या भाज्या येतात. लाडू-चिवडा बंद पाकिटात न्यायला हरकत नाही, मात्र ते पाकीट खिशात घेऊन किनाऱ्यावर उतरू नये. अनेक देशांचे कृषी नियम कडक आहेत.

बुफेपाशी हात साबणाने धुवावेत, नुसता सॅनिटायझर चोळू नये. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी परदेशी दराने लागते आणि घरचा मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही. हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर नेण्याचा खर्च धरणारा प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो. गर्भाचा चोविसावा आठवडा लागलेल्या स्त्रीला बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. मोजणी सफर संपेपर्यंतची असते, सुरू होतानाची नव्हे.

पहिल्या दिवशी मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधे, पारपत्र आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. शेवटच्या रात्री उलट क्रम: बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या, आणि सकाळी घालायचे कपडे त्यांत भरायचे नाहीत. खर्चाचा हिशेब त्याच रात्री तपासावा, कारण सकाळी स्वागतकक्षासमोर न प्यालेल्या कॉफीच्या बिलावरून वाद घालणाऱ्यांची रांग लागलेली असते. परतीचे विमान दुपारनंतरचे असावे. जाताना मात्र जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या शहरात पोहोचलेले बरे. विमान चुकले तर दुसरे मिळते, जहाजासाठी पुढचे बंदर गाठावे लागते, आणि तिथला व्हिसा असेलच असे नाही.