घरे दाखवण्याच्या नोकरीची मुलाखत

पुसेगावहून एका वडिलांचे पत्र आले आहे. (सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे ते साताऱ्याकडचे, हे आपल्या हिंगोली जिल्ह्यातले.) मुलगा बी.कॉम. झाला. पुण्यात फ्लॅट भाड्याने देणाऱ्या एका कार्यालयाने त्याला मुलाखतीला बोलावले आहे. ‘काम दलालीचे, घरात कुणाला पसंत नाही. शिवाय विचारतील काय, तेही ठाऊक नाही,’ असे ते लिहितात.

दलालीचा एवढा संकोच कशाला? हिंगोलीच्या मोंढ्यात हळद नेली की आडत्याशिवाय आपले चालत नाही, आणि सरळ आडत्याला आपण मानही देतो. घराचेही तसेच आहे.

मुलाखतीत बहुधा एखादा प्रसंग देतात. ‘समजा मी ग्राहक आहे, मला घर दाखवा.’ इथे पुष्कळ मुले लगेच घराचे कौतुक सुरू करतात. आधी विचारावे: माणसे किती, भाडे किती झेपेल, कामाला कुठे जायचे, पाण्याची वेळ चालेल का.

दुसरी परीक्षा कागदाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती चुकली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुण्यात बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात आणि ऑनलाइन नोंदवता येतात. रेराची दलाल-नोंदणी विक्रीच्या व्यवहारासाठी आहे, नुसत्या भाड्यासाठी नाही. कार्यालय विक्रीही करत असेल तर मात्र २०२३ पासून त्यासाठी महारेराचे प्रशिक्षण आणि परीक्षा आली. एवढे सांगता आले तरी समोरचा सावरून बसतो.

आता ज्या प्रश्नाबद्दल त्या वडिलांनी लिहिलेले नाही, तो. मुलाचे नाव वाचून कुणीतरी विचारील, ‘आमच्या काही मालकांना मुसलमान भाडेकरू चालत नाहीत. तुम्ही काय कराल?’ स्वतःसाठी खोली शोधताना ‘आत्ताच गेली’ हे उत्तर ज्याला मिळू शकते, त्यालाच हे उत्तर दुसऱ्याला द्यायला सांगितले जाईल. पाहिलेले बरे की कायदा इथे तोकडा आहे. खासगी मालकाने भाडेकरू कोण निवडावा यावर थेट बंदी नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेचा फक्त पारशी सभासद घेण्याचा नियमही वैध ठरवला.

पण ‘सोसायटी परवानगी देत नाही’ हे कारण महाराष्ट्रात फारसे टिकत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचे असते. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क घेता येते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. मग नकार कुणाचा, सोसायटीचा की मालकाचा, हे विचारता येते. पुष्कळदा तो फक्त मालकाचा निघतो, आणि मालकाशी बोलता येते. मुलाने सांगावे, ‘ग्राहकाची नोकरी, कुटुंब, ओळखपत्र अशी सगळी माहिती मी मालकापुढे ठेवीन. निर्णय त्यांचा. नाव ऐकून मी स्वतः फोन ठेवणार नाही, आणि रिकामे घर गेले असे खोटे सांगणार नाही.’ आवाज न चढवता, एकदाच.

यावर नोकरी हुकू शकते. कामाची निकड असलेल्या पोराला हे सांगणे आम्हाला सोपे आहे, हे आम्ही जाणतो. तरीही पहिल्याच दिवशी खोटे बोलायला लावणारे कार्यालय पुढे कमिशनच्या हिशेबातही तसेच वागेल, अशी आमची धास्ती आहे.

म्हणून कमिशनचे शेवटी विचारावेच. मूळ पगार किती, सौदा झाल्यावर टक्का किती, तो करार नोंदल्यावर मिळणार की दलाली हाती आल्यावर, पेट्रोल कुणाचे, भाडेकरू महिन्यात निघून गेला तर दिलेले पैसे कापणार का. आणि उत्तरे नियुक्तिपत्रात लिहून मागावीत. मुलगी असेल तर आणखी एक: रिकामे घर दाखवायला सोबत कोण असेल?