डुकराच्या पोटातली आपली किडनी

आमच्या टाळगाव चिखलीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एरवी पेन्शन, गुडघे आणि कुदळवाडीच्या रस्त्यावरचा खोळंबा यांपलीकडे गाडी जात नाही. परवा मात्र एका माळकरी गृहस्थांनी सदऱ्याची दोन बटणे काढून छातीवरचा व्रण दाखवला. आत गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेली झडप आहे म्हणाले. "डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सही केली."

"आणि डुकराची असती तर?" कुणीतरी खवचटपणे विचारले.

"मग दोन रात्री लागल्या असत्या."

आपल्या समाजाची वृत्ती मला या उत्तरात नेमकी सापडली. आपण नाही म्हणत नाही, वेळ मागतो. आणि आधी सांगावे, एवढी अपेक्षा ठेवतो.

1802 साली गाईच्या देवीपासून निघालेली लस मुंबईत पहिल्यांदा एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. त्याच वर्षी लंडनमध्ये गिलरे या चित्रकाराचे व्यंगचित्र गाजत होते: लस घेतलेल्यांच्या अंगांतून गाई फुटून बाहेर येत आहेत! म्हणजे माणसात जनावर मिसळण्याची धास्ती काही आपलीच मक्तेदारी नव्हे. पुढे प्लेगच्या काळात, 1897 मध्ये, हाफकिन यांनी मुंबईत लस केली तेव्हा जंतू वाढवायला गाईचे वा डुकराचे मांस टाळून बोकडाचे वापरले. हिंदू-मुसलमान दोघांच्याही भावनांचा त्यांनी आधीच हिशेब केला होता. इथून जवळच पिंपरीत त्यांच्या नावाच्या संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरचे औषध केले. ते टोचून घेताना शेतकऱ्याने घोड्याची जात विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

पण हा सगळा जनावर माणसात येण्याचा मामला. आसामात सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी 1997 मध्ये डुकराचे हृदय एका रुग्णाला बसवले. रुग्ण सात दिवस जगला आणि डॉक्टर तुरुंगात गेले. 2024 च्या मार्चमध्ये बोस्टनला जनुके बदललेल्या डुकराची किडनी एका जिवंत रुग्णाला बसवली, तर जगभर कौतुक झाले. तो रुग्ण सुमारे दोन महिने जगला. सत्तावीस वर्षांत विज्ञान बदलले, तसे लोकांचे कानही सरावले.

आता वाहतूक उलट दिशेने सुरू झाली आहे. 2023 साली चीनमधल्या ग्वांगझूच्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या गर्भात मानवी पेशी सोडल्या आणि 28 दिवसांपर्यंत वाढवलेल्या गर्भांत निम्म्याहून अधिक मानवी पेशींच्या किडन्या तयार होताना दिसल्या. अशा मिश्र जिवाला कायमेरा म्हणतात. गणपतीचा दाखला इथे हटकून निघतो, कट्ट्यावरही निघाला. पण तिथे एका बालकाला वाचवायचे होते. इथे एक जीव मुळातच सुट्या भागांसाठी घडवायचा आहे. शिवाय त्या प्रयोगात काही थोड्या मानवी पेशी गर्भाच्या मेंदूतही आढळल्या. थोड्याच, पण आढळल्या.

आपल्याकडे 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी मूलपेशी सोडलेल्या प्राण्यांची पैदास करायला मनाई आहे. ठीक आहे. पण ती तत्त्वे इंग्रजीत, आणि ज्यांच्या घरात रुग्ण आहे ते मराठीत. आयुष्य बँकेत गेल्यामुळे कागदावर कुणाची सही नाही, ते मी आधी पाहतो. इथे डुकराची नाही, हे उघडच. पण तुमची-माझीही नाही, हे मला जास्त खटकते. हाफकिन यांनी बोकडाचा विचार लस टोचण्याआधी केला होता, लोक बिथरल्यावर नव्हे.

हे मी कट्ट्यावर बोललो, तेव्हा कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही गप्पच होते. त्यांची सून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. घरातल्या कुणाची किडनी जुळत नाही.

"मेंदूत काही जाणार नाही याची खात्री दिली, तर माझी हरकत नाही," ते शेवटी म्हणाले.

"आणि खात्री नसेल तर?"

"तर इथं बसून नको म्हणेन. तिच्यासमोर म्हणता येईल का, ते माहीत नाही."

साडेपाच वाजले होते. तिला आणायची वेळ झाली, म्हणून ते उठले.