सालाझारची आज्ञा आणि गोव्याचा अखेरचा सेनानी

गोव्यातील पोर्तुगीज राजवटीच्या खुणा पुसून टाकण्याची भाषा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी 2023 साली केली आणि पोर्तुगीज वारशाचा जुना वाद पुन्हा जागा झाला. या वादात ज्याचे नाव अवश्य निघावे, त्याचा मात्र दोन्ही पक्षांना विसर पडलेला दिसतो. हा माणूस म्हणजे गोव्याचे अखेरचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल मान्युएल अंतोनियो व्हासालो इ सिल्वा. त्या खुणा 1961 च्या डिसेंबरात शाबूत राहिल्या, त्याचे काही श्रेय त्यांच्याकडे जाते.

1899 साली जन्मलेले सिल्वा हे पेशाने अभियंता-सैनिक होते. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगच्या सान्निध्यात राहणाऱ्या पिंपरी-चिंचवडकरांना हा पेशा अपरिचित नाही. पूल बांधावयाचा तो याच सैनिकाने आणि वेळ आली की सुरुंग लावून उडवावयाचा तोही यानेच. 1958 च्या अखेरीस सिल्वा गोव्यात आले, तेव्हा दादरा व नगर हवेली पोर्तुगालच्या हातून गेली होती आणि 1955 च्या सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबाराची जखम ताजी होती.

14 डिसेंबर 1961 रोजी लिस्बनहून हुकूमशहा सालाझारचा संदेश आला. शरणागती नाही; पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी व्हावा, नाही तर मरावा, असा त्याचा आशय होता. निदान आठ दिवस तग धरावा, म्हणजे तेवढ्यात जगाचे मत भारताविरुद्ध उठवता येईल, हा हिशेब होता. तो हिशेब मांडणारा स्वतः हजारो मैल दूर सुरक्षित बसला होता, हे ध्यानात घेतलेले बरे. सिल्वा यांच्यापाशी साडेतीन हजारांच्या आत-बाहेर सैनिक होते आणि लढाऊ विमान एकही नव्हते. समोर पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली कितीतरी पट मोठी फौज उभी होती. मेजर जनरल कँडेथ यांची 17 वी डिव्हिजन हा तिचा कणा होता.

सिल्वा अजिबात लढलेच नाहीत, असे नव्हे. भारतीय सैन्याची वाट अडवण्यासाठी पूल उडवण्यात आले. 'अफोन्सो द अल्बुकर्क' ही युद्धनौका 18 डिसेंबरला भारतीय नौदलाशी झुंजली. त्याच दिवशी सुरक्षा समितीत युद्धबंदीचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला आणि आठ दिवसांच्या हिशेबातला उरलासुरला अर्थही संपला. सरकारी इमारती व नागरी वास्तू उद्ध्वस्त करण्याच्या आदेशाकडे मात्र सिल्वा यांनी दुर्लक्ष केले आणि 19 डिसेंबरच्या संध्याकाळी वास्कोत शरणागती पत्करली. यामागे केवळ माणुसकी होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल; लढण्याजोगे फारसे काही हाती उरलेच नव्हते. तथापि निरर्थक ठरलेल्या लढाईत आपली माणसे आणि परकी शहरे होरपळू न देणे, हा निर्णयही कोणाला तरी घ्यावाच लागतो. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासच्या आसपास सैनिक कामी आले. सालाझारच्या मनाजोगे घडते, तर हा आकडा कितीवर गेला असता?

शिक्षा झाली ती आज्ञा देणाऱ्याला नव्हे. युद्धकैदी म्हणून महिने काढून मायदेशी परतलेल्या सिल्वा यांना 1963 साली लष्करातून बडतर्फ करण्यात आले. त्यांची प्रतिष्ठा परत मिळाली ती 1974 च्या क्रांतीनंतर. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्वही मान्य केले.

एवढ्यावरून सिल्वा यांना गोमंतकाचे त्राते ठरवण्याचा मोह काहींना होतो. तो आवरला पाहिजे. ज्या राजवटीचे ते तीन वर्षे प्रमुख होते, तिनेच 1959 साली तेलो मास्कारेन्हस यांना अटक केली. त्यांची सुटका 1970 साली झाली. 1955 पासून कैदेत असलेले सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. या माणसांना मोकळे करण्यासाठी गव्हर्नरांनी लिस्बनची आज्ञा मोडल्याचे दिसत नाही. सिल्वा 1980 साली गोव्यात पाहुणे म्हणून आले, तेव्हा त्यांचे अगत्याने स्वागत झाले. रानड्यांना सुटून त्या वेळी अकरा वर्षे झाली होती.