हरलेल्या खटल्यांचा हिशेब



अमीरातीत नोकरीसाठी आलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने एक सकाळ मेडिकल सेंटरच्या रांगेत काढलेली आहे. टोकन, छातीचा एक्स-रे, दंडात सुई आणि मग रिपोर्टची वाट. रिपोर्ट ठीक आला, व्हिसा झाला की ती सकाळ आपण विसरून जातो. पण ज्याच्या रक्तात एच.आय.व्ही. सापडतो, त्याला निवासाचा परवाना मिळत नाही. त्याची रवानगी मायदेशी होते. नियम या देशाचा आहे आणि तो ठाऊक असूनच आपण येथे आलो. त्यावर वाद घालण्यासाठी हे लिहीत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. असा माणूस सहारला किंवा दाबोळीला विमानातून उतरतो, तेव्हा तेथे त्याच्या बाजूने काय उभे असते?

आज एक कायदा उभा आहे. एच.आय.व्ही. आणि एड्सविषयीचा २०१७चा केंद्रीय कायदा, १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेला. त्यानुसार केवळ या विषाणूमुळे कोणाला नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याचे घर नाकारता येत नाही, संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि तिचा निकाल चारचौघांत सांगता येत नाही. १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा आहे. (आपल्यातले जे एच.आर.मध्ये आहेत आणि भारतातल्या भरतीकडेही पाहतात, त्यांनी हे टिपून ठेवावे!)

हा कायदा आपोआप आलेला नाही. त्याचा पहिला मसुदा ज्यांनी लिहिला, ते वकिलांचे एक छोटेसे बिऱ्हाड आहे. कायद्याच्या धंद्यात हल्ली ‘बुटीक फर्म’ असा शब्द रूढ झाला आहे. शेकडो वकिलांचे मोठे दुकान न थाटता, मोजकी माणसे घेऊन, मोजक्या प्रकारचेच खटले जीव ओतून लढणारे कार्यालय, असा त्याचा अर्थ. अशा फर्मांच्या यशाच्या कहाण्या आपण वाचतो: किती खटले जिंकले, किती कोटींची भरपाई मिळवली, किती भागीदार वाढले. मुंबईच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ची कहाणी याच मापाने मोजायला गेलो, तर हिशेब चुकतो. म्हणून आज जरा वेगळ्या मापाने.

१९८१ साली इंदिरा जयसिंग, आनंद ग्रोव्हर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी हा गट स्थापन केला. कागदोपत्री ती फर्म नव्हे, विश्वस्त संस्था. त्याच वर्षी जुलैत, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ते ओळखले जाते. पण सोबत फुटपाथवर राहणाऱ्यांच्याही याचिका होत्या आणि त्यांच्या वकिलांत जयसिंग व ग्रोव्हर होते. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. आणि त्याच निकालात असेही म्हटले की, रीतसर नोटीस देऊन पालिका फुटपाथ मोकळे करू शकते. म्हणजे तत्त्व जिंकले, झोपडी हरली. पण पुढे देशभरात बुलडोझरपुढे उभ्या राहिलेल्या कित्येक वकिलांनी हाच निकाल हातात धरला.

मग १९८६ साली मेरी रॉय यांचा खटला. केरळातल्या सिरियन ख्रिश्चन मुलींना बापाच्या मिळकतीत मुलांइतका वाटा मिळाला. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांचा. मुलाच्या नावाने रोखे घ्यायचे होते, अर्जावर आईची सही होती आणि रिझर्व्ह बँक म्हणाली, वडिलांची आणा. बाप जिवंत असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला. दोन्ही खटल्यांत वकील इंदिरा जयसिंग. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदाही याच गटाच्या मसुद्यातून आकाराला आला.

ही झाली यशाची यादी. पण मला या गटाचे सर्वांत मोठे काम वाटते, त्याची सुरुवात एका पराभवाने झालेली आहे.

गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण होता. नियमित रक्तदान करणारा. त्या रक्ताच्या तपासणीत एच.आय.व्ही. निघाला आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला एकट्याला ६४ दिवस कोंडून ठेवले गेले. गुन्हा काही नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती! त्याची आई ल्यूसी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेली. ग्रोव्हर यांनी खटला चालवला. डॉमिनिक न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने घरी आला, पण अखेरच्या निकालात न्यायालयाने कायदा वैध ठरवला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत टक्कर झाली तर हक्काने माघार घ्यावी, असे त्याचे सार. डॉमिनिकने पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि १९९२ साली तो गेला.

व्यवहारी वकिलाने येथे फाईल बंद केली असती. अशील उरला नाही, फी कधी नव्हतीच, निकाल विरुद्ध. पण हरलेल्या खटल्यातून या मंडळींना नेमके काय सिद्ध करावे लागेल ते कळले होते. मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे. फसलेला प्रयोग नीट नोंदवून ठेवला तर तो पुढच्याची निम्मी वाट दाखवतो, हे आमच्या धंद्यातले पहिले शिक्षण. येथेही तेच झाले.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात दुसऱ्या एका माणसाच्या खटल्याचा निकाल लागला. एका सरकारी महामंडळातला हंगामी कामगार. अंगाने धडधाकट, पण रक्ताच्या चाचणीमुळे काम गेलेला. बदनामीच्या भीतीने न्यायालयात यायलाच तो कचरत होता. न्यायालयाने त्याला नाव झाकून लढू दिले. निकालपत्रात तो फक्त ‘एम.एक्स.’ आहे आणि मालकही ‘झेड.वाय.’. ही परवानगीच अर्धी लढाई होती, कारण तिच्यामुळे त्याच्यासारख्या इतरांना कोर्टाची पायरी चढता आली. आणि निकाल असा की, जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून कामाच्या जागी इतरांना धोका नाही, त्याला केवळ एच.आय.व्ही.साठी काढता येणार नाही. गोव्यात जो मुद्दा भीतीपुढे टिकला नव्हता, तो येथे वैद्यकीय पुराव्यावर टिकला. मग मसुदा, सल्लामसलती, सरकारी टेबलांवरचा प्रवास आणि अखेर २०१७चा कायदा. म्हापशाच्या त्या खोलीपासून संसदेपर्यंत २८ वर्षे! कोणत्या फर्मच्या ताळेबंदात इतक्या लांबचे येणे मांडतात?

समलैंगिकतेसंबंधीच्या कलम ३७७ची कथाही अशीच. नाझ फाउंडेशनची याचिका २००१ची. तिचे वकील हेच. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयात जिंकले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात हरले आणि २०१८ साली त्याच न्यायालयाने आपला निकाल चुकल्याचे मान्य केले.

आता एक प्रकरण जरा विस्ताराने, कारण त्यात माझ्या विषयाचा संबंध येतो. नोव्हार्टिस कंपनीचे ग्लिव्हेक हे रक्ताच्या एका कर्करोगावरचे औषध. मूळ रेणू इमॅटिनिब जुना. कंपनीला भारतात पेटंट हवे होते ते त्याच्या मेसिलेट क्षाराच्या ‘बीटा’ स्फटिकरूपावर. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजार. मुंबईच्या ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ने पेटंटला हरकत घेतली, वकील ग्रोव्हर आणि त्यांचा गट.

कंपनीचा युक्तिवाद असा की, मूळ इमॅटिनिबच्या तुलनेत हे रूप शरीरात सुमारे ३० टक्के अधिक शोषले जाते. आकडा मोजलेला होता आणि आमच्यासारख्याला तो प्रगतीच वाटेल. परंतु भारताच्या पेटंट कायद्यात २००५ साली आलेले कलम ३(घ) म्हणते की, माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप तेव्हाच नवा शोध, जेव्हा त्याची परिणामकारकता लक्षणीय वाढते. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी सांगितले की, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद. शोषण वाढले एवढे पुरेसे नाही, त्यामुळे रोग्याला अधिक गुण येतो हे दाखवा. ते दाखवलेले नव्हते. पेटंट नाकारले गेले. वैज्ञानिक म्हणून मला या प्रश्नाने खजील केले, हे कबूल करतो. यंत्राने काय मोजले ते आम्ही सांगतो, पण त्याने रोग्याला काय फरक पडला हे विचारायला एक वकील लागला.

आता कटू भाग. मे २०१६च्या अखेरीस केंद्र सरकारने या संस्थेचा परदेशी देणग्या घेण्याचा परवाना स्थगित केला आणि नोव्हेंबरात रद्द केला. २०१९ साली सीबीआयने गुन्हा नोंदवला, जुलैत घरांवर आणि कार्यालयांवर छापे पडले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला मनाई केली. देणगीच्या पैशाचा गैरवापर झाला हा आरोप. आपल्याला गैरसोयीच्या खटल्यांसाठी लक्ष्य केले जात आहे हे संस्थेचे उत्तर. पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी येथे घाई करू नये. सार्वजनिक पैशाचा हिशेब प्रत्येक संस्थेने दिलाच पाहिजे, आपल्या आवडत्या संस्थेनेही. पण हिशेब तपासणे वेगळे आणि काम थांबेल अशा रीतीने नळ बंद करणे वेगळे. ज्या अशिलाकडे फी नसते, त्याचा वकील कोणाच्या पैशावर उभा राहणार, या प्रश्नाचे उत्तर छाप्यांतून मिळत नाही. इतके महत्त्वाचे काम दोन ज्येष्ठ वकिलांच्या नावाभोवती फिरत राहावे आणि देणगीही परदेशी निधीतून यावी, हा दोष आपल्या समाजाचाही आहे.

आणि येथे आपला संबंध येतो. परदेशी देणगीच्या कायद्याचे नाव काढले की आपल्यातले बरेच जण म्हणतात, “आपण बाहेरचे, आपल्याला देता येत नाही.” हा गैरसमज आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून, रीतसर बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही, हे केंद्रीय गृहमंत्रालयानेच स्पष्ट केलेले आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या अमेरिकेतल्या भावंडांना ही मोकळीक नाही, ओ.सी.आय. कार्ड असले तरीही. अमीरातीत सहसा नागरिकत्व मिळत नाही म्हणून आपण हळहळतो. या एका बाबतीत ते आपल्या पथ्यावर पडले आहे! मात्र एक लक्षात ठेवा. या देशात परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणे कायद्याने मना आहे. म्हणून हे पत्र कोणत्याही संस्थेसाठी आवाहन नाही आणि आपल्या बैठकीत कोणी डबा फिरवू नये. आपल्या भारतातल्या खात्यातून कोणाला काय द्यायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

पैशाहून मोलाचेही काही देता येते. भारतात पेटंट मंजूर होण्याआधी कोणतीही व्यक्ती त्यास हरकत घेऊ शकते. अशा हरकतींना रसायनशास्त्र कळणारी माणसे लागतात, हिशेब चोख ठेवायला सी.ए. लागतात आणि हे दोन्ही आपल्याकडे मुबलक आहेत. शिवाय आपली मुले. कायदा शिकायला जाणाऱ्या मुलीला आपण पहिला प्रश्न विचारतो, “कोणत्या कॉर्पोरेट फर्ममध्ये?” तिने फोर्टातल्या एखाद्या चार टेबलांच्या कार्यालयात दोन वर्षे काढायचे म्हटले, तर निदान तोंड वाकडे करू नये.

रिपोर्ट हातात घेऊन परत जाणारा तो माणूस आपल्याच इमारतीतला, आपल्याच विमानातला असतो. त्याला आपण येथे थांबवून घेऊ शकत नाही. पण तो उतरेल तेथे त्याला म्हापशाची ती खोली मिळू नये, एवढी व्यवस्था काही चिवट वकिलांनी करून ठेवली आहे, तीही हरलेल्या खटल्यापासून सुरुवात करून. ती टिकवायची की नाही, हा निर्णय आता फक्त त्यांच्यावर सोडता येणार नाही.

आपला,
संपादक