वाडा विकणे आहे; पण साग कुणाचा?

१/
जुन्या शहरांतील वाड्यांच्या विक्रीचा मजकूर ठरलेला असतो. वाडा पेशवेकालीन, लाकूड अस्सल सागाचे, नूतनीकरण पूर्ण, दोन कुटुंबांची स्वतंत्र सोय. नाशिकच्या पेठाही याला अपवाद नाहीत. या मजकुरात 'पेशवेकालीन' हा शब्द किंमत वाढवतो; इतिहास मात्र अर्धाच सांगतो. उरलेला अर्धा सुरगाण्याच्या बाजूच्या रानांत आहे.

२/
आधी वाड्याची रचना. खाली दगडी जोते, वर सागाचा सांगाडा: खांब, तुळया, कडीपाट. घर मोजायचे ते खणांत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. खण किती रुंद असावा हे तुळई ठरवी आणि तुळई किती लांब निघेल हे झाड ठरवी. म्हणजे चौकाचे माप आधी रानात पडत असे.

३/
'दोन कुटुंबांची सोय' यालाही इतिहास आहे. भावांच्या वाटण्या झाल्या, मधे भिंत आली, जिने दोन झाले, चुली दोन झाल्या. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. तेव्हा वाडा विकणारा दोषी नव्हे. आक्षेप आहे तो वर्णनावर.

४/
नाशिकच्या पश्चिमेस आणि वायव्येस पेठ, सुरगाणा, डांग हा सागाचा पट्टा. सुरगाणा हे देशमुखांचे छोटे संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झाले. शेजारच्या डांगची जंगले इंग्रजांनी १८४२ मध्ये पट्ट्याने घेतली, ती सागासाठीच. या रानांत कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल राहत आले. झाडे तोडणारे आणि ओंडके ओढणारे हात रानातलेच होते. विक्रीच्या मजकुरात त्यांचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

५/
त्या हातांचे स्वतःचे घर कसे होते? लाकडी मेढी, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवत किंवा कौले. कूड जीर्ण झाला की नवा बांधायचा, भिंत पुन्हा लिंपायची. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे असते, भिंत मात्र नेहमी ताजी. म्हणून त्याला कुणी 'पुरातन' म्हणत नाही.

६/
येथे एक विसंगती उघडी पडते. मूळ सांगाड्यातील निम्मे लाकूड बदललेला, सिमेंटचा गिलावा केलेला वाडा 'वारसा' ठरतो. तीच पद्धत, तीच जागा आणि तेच कौशल्य जपणारे कुडाचे घर मात्र 'कच्चे' ठरते. हा निवाडा इतिहासाचा नाही. तो बाजाराचा आहे.

७/
वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. २००८ च्या नियमांनी पुरावा म्हणून काय मान्य केले? घर, झोपडी, जमिनीचे सपाटीकरण, बांध. तसेच प्राचीनत्व दाखवणाऱ्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने. अर्थात कुडाचे घर हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे, हे कायद्याने केव्हाच मान्य केले. इतिहासप्रेमींनी ते मान्य करणे बाकी आहे.

८/
मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी पायी चालत गेले. त्यांत सुरगाणा तालुक्यातील आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनजमिनीचे दावे ही त्यांची प्रमुख मागणी होती. शहरातील वाड्याला 'दोनशे वर्षांचा' म्हणण्यास पुरावा लागत नाही. रानातील कसणाऱ्याला मात्र आपण येथे होतो, एवढे सिद्ध करण्यासाठी राजधानी गाठावी लागते.

९/
कुणी म्हणेल, नूतनीकरण झाले नाही तर वाडे कोसळतील. खरे आहे. दुरुस्ती अवश्य व्हावी. पण खांबांवर प्लायवूड चढण्यापूर्वी सांध्यांची छायाचित्रे घ्यावीत, सुतारांच्या खुणा नोंदवाव्यात, काढलेल्या तुळया जळणात जाण्याआधी मोजाव्यात. आणि सुरगाण्यातील उरलेल्या कुडांच्या घरांचीही त्याच काळजीने नोंद व्हावी.

१०/
पेशवेकालीन वाडा पाहताना तरुण अभ्यासकाने मालकाचे घराणे विचारावे, त्यात गैर काही नाही. पुढचा प्रश्न तुळईविषयी असावा: हे झाड कुठे वाढले, कुणी तोडले, आणि त्याला त्याचे काय मिळाले? या प्रश्नाला जागा नसलेला 'वारसा' म्हणजे केवळ वाढीव दराचे नाव.